डावी नळी

“घ्या दौलूबा, चार नंबर. आज तुमच्या बंदुकीला इंग्रजी खुराक,” असं म्हणत मी चाकूनं काडतुसाचं तोंड उकललं आणि आतले छर्रे दौलू खतकरच्या ओंजळीत ओतले.

दौलूनं ते तळहातावर खेळवून बघितले. ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा लहान, एकसारखे, गुळगुळीत. त्याच्या ठासणीच्या बंदुकीत एरवी घरी ओतलेलं वेडंवाकडं शिसं जायचं.

“आमच्या म्हातारीला पचंल न्हवं?” त्यानं विचारलं. बंदुकीला तो म्हातारी म्हणायचा. आजोबांपासून घरात होती.

“न पचायला काय झालं? एक काडतूस ओता, वर काथ्या ठासा. रानकोंबड्याला याहून मोठा छर्रा नको. मोठे घेतले की मोजकेच मावतात आणि कोंबडा मधनं निसटतो.”

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण बोलायचो असं की जन्म शिकारीत गेलाय.

मी तेव्हा बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो. वय एकोणतीस. भुदरगड तालुक्यात आंबेखोल नावाच्या गावाला रस्ता न्यायचा होता आणि त्या कामावर मी तिथंच मुक्कामाला होतो. रानकोंबडा मारायला तेव्हा परवान्यावर मुभा होती. मी मिरजेच्या एका जुन्या डॉक्टरांकडून विलायती दुनळी बंदूक घेतली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी अख्खं गाव रानात हाका घालायचं. अर्धी माणसं डबे वाजवत, आरडाओरडा करत खालून रान उठवत यायची, आणि बंदूकवाले वरच्या अंगाला बसून उडालेले कोंबडे टिपायचे. दौलू गावातला सगळ्यात चांगला नेमबाज. पंचेचाळिशीचा, बोलायला कमी, कामाला वाघ. त्याचा धाकटा भाऊ कृष्णात हाक्यात डाव्या टोकाला चालायचा. दोघांचं घर एक, चूल एक, बैलजोडी एक.

गावाचा एकच कडक नियम होता. हाका जवळ आला की बार आभाळात काढायचा. झाडाच्या शेंड्याखाली नळी आणायची नाही.

त्या सकाळी दौलू माझ्या पुढच्या दरडीखाली उजवीकडं बसला होता. मी मागं, बांधाच्या आडोशाला. खालून डब्यांचा आवाज चढत आला आणि पहिला कोंबडा डोक्यावरून गेला. मी उजव्या नळीनं तो पाडला. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटतोय तोवर दुसरा आला, आडवा, कमरेइतक्या उंचीवरून. मी नळी त्याच्याबरोबर फिरवली आणि डाव्या नळीचा मागचा घोडा ओढला. त्याच क्षणी दौलूची म्हातारीही गरजली. धूर झाला. धुरापलीकडून कृष्णातची किंकाळी आली.

कृष्णात हाक्याच्या पुढं निघून आला होता. एका ऐनाच्या झाडाआड तो अर्धा उभा होता. उजवी बाजू खोडानं वाचवली. डाव्या बाजूला, खांद्यापासून कपाळापर्यंत अकरा छर्रे लागले होते आणि त्यातला एक डोळ्यात.

दौलूनं त्याला पाठीवर घेतलं आणि तसाच धावत खाली गेला. माझ्या कामावरच्या ट्रकमधून आम्ही त्याला कोल्हापूरला नेलं. डॉक्टरांनी होईल तेवढं केलं. जीव वाचला, डावा डोळा गेला.

पाचव्या दिवशी गाव देवळात बसलं. पोलिसांत जायचा विषय कुणी काढला नाही, कृष्णातनंही नाही. रानातलं रानात मिटवायची तिथली रीत होती. प्रश्न एकच होता, बार कुणाचा? छर्रे दोघांचेही तेच, कारण मीच माझ्या काडतुसातले दौलूला दिलेले. त्या अंगाला बार काढलेले आम्ही दोघंच. आणि मी खाली बार काढला होता हे मी लपवलं नाही. उभा राहून सांगितलं. माझ्या खरेपणाचं तेव्हा कौतुकच झालं.

“माझा बार वर गेलाय,” दौलू म्हणाला. “शेंड्याला कोंबडा हुता. मी वर मारला.”

“मग हे कुणाचं?” पोलीस पाटील आनंदराव म्हणाले. ते वयानं मोठे आणि बोलण्यात सावध. त्यांनी माझ्याकडं बघितलं. “साहेब, तुम्ही शिकल्यालं. तुमास्नी काय वाटतंय?”

मला काय वाटतंय हे सांगायला मी एका पायावर तयार होतो. आदल्याच दिवशी मी रानात जाऊन आलो होतो, टेप घेऊन. ऐनाच्या खोडावर बाकीचे छर्रे रुतलेले होते. त्यांच्याभोवती मी खडूनं रेघ मारली होती. माणसाला लागलेले आणि खोडात गेलेले मिळून सगळा घोळका साधारण सुपाएवढ्या जागेत बसत होता. दौलूच्या जागेपासून खोड बासष्ट फुटांवर. माझ्या जागेपासून एकशे एकोणीस.

मी हे वहीतून वाचून दाखवलं. मग समजावून सांगितलं. “छर्रे नळीतून निघाले की पसरत जातात. माझी बंदूक मी घेतल्या घेतल्या तपासली होती. चाळीस पावलांवर तिचे छर्रे घोंगड्याएवढ्या जागेत विखुरतात. माझे असते तर कृष्णातला दोन-तीन लागले असते आणि बाकीचे रानभर गेले असते. एवढा दाट घोळका जवळूनच येतो. वीस पावलांवरून.”

वीस पावलांवर कोण होतं ते मला म्हणावं लागलं नाही.

“माझा बार वर गेलाय,” दौलू परत म्हणाला. कृष्णात डोळ्यावर पट्टी बांधून भिंतीला टेकला होता. दौलूनं त्याच्याकडं बघून तिसऱ्यांदा तेच सांगितलं, जरा हळू. कृष्णातनं मान फिरवली.

तिथला रिवाज असा. हाक्यात माणसाला बार लागला तर ज्याचा बार, त्याची बंदूक देवळात टांगायची. पुन्हा त्यानं बंदूक धरायची नाही. हाक्यात यायचं तर जखमी झालेल्या माणसाच्या जागी डबा घेऊन चालायचं, बंदुकांच्या समोरून. दौलूनं म्हातारी आणून स्वतःच्या हातानं खुंटीला अडकवली.

महिन्याभरात खतकरांच्या सोप्यात मधोमध कुडाची भिंत घातली गेली. चूल वेगळी झाली. पुढच्या शिमग्याला दौलू डाव्या टोकाला डबा वाजवत चालला आणि मी वर बांधाआड माझ्या जागी बंदूक घेऊन बसलो. तो खालून वर येताना मला दिसला. मला त्याची कीव आली. न्याय झाला असंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं.

त्याच सुमाराला माझी डावी नळी मला त्रास देऊ लागली. उजव्या नळीनं कोंबडा नीट पडायचा. डावीनं मारला तर एक तर साफ चुकायचा, नाहीतर असा पडायचा की पिसं आणि चिंध्या वेगळ्या करता येऊ नयेत. मला वाटलं, काडतुसाचा दोष. चारऐवजी सहा नंबर वापरावा की आणखी काही, हे विचारायला मी दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या पंधरवडाभर आधी कोल्हापूरला बाबालाल शिकलगारांच्या दुकानात गेलो.

बाबालाल बंदुकांचे मिस्त्री. साठी ओलांडलेली, दाढी मेंदीनं रंगवलेली, हाताची बोटं तेलानं कायमची काळी. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, “काडतूस बदलायला आलाय व्हय? आधी नळीला इचारूया की.”

त्यांनी बंदूक सुटी केली आणि दोन्ही नळ्या उभ्या धरल्या. फळीवरून मापाचा एक पितळी गुंडा घेतला आणि मागच्या तोंडातून उजव्या नळीत सोडला. तो सरळ खाली आला आणि त्यांच्या तळहातावर पडला. मग तोच गुंडा डाव्या नळीत सोडला. तो घरंगळत आला आणि पुढच्या तोंडाच्या दोन बोटं अलीकडं थांबला. बाबालालनी नळी हलवली. गुंडा हलला नाही.

“अडकला?” मी विचारलं.

“अडकणारच. हितं चोक हाय. तोंडाशी नळी आवळलीया. नखाएवढाच फरक, पर लई. पाण्याच्या नळीला तुम्ही अंगठा लावताय न्हवं, पाणी लांब जायला? तसंच. छर्रे पांगत न्हाईत. लांबवर एकजुटीनं जात्यात.”

“दोन्ही नळ्या सारख्या नसतात?”

“विलायती दुनळीच्या कवाच नसत्यात. उजवी जवळच्याला, डावी लांबच्याला. हे बघा, लाकडाखाली लिवलंय. मला इंग्रजी येत न्हाई, तुमास्नी येतंय न्हवं?”

नळ्यांखालचं, हातात धरायचं लाकूड आता निघालेलं होतं; तिथं डाव्या नळीच्या बुडाशी बारीक अक्षरं दिसली. चोक. तीन वर्षं ती बंदूक माझ्याकडं होती. रोज पुसायचो. लाकूड कधी काढलं नव्हतं.

“तुम्ही घेताना तपासली न्हाई?”

“तपासली ना. चाळीस पावलांवर कागदावर.”

“दोन्ही नळ्या?”

काडतुसं जपून वापरायची म्हणून मी एकच बार काढला होता, पुढच्या घोड्यानं. पुढचा घोडा म्हणजे उजवी नळी.

“चला, बघूया,” बाबालाल म्हणाले.

गावाबाहेर एका वीटभट्टीमागं मोकळं रान होतं. तिथं त्यांनी एक मोडकी बाज उभी केली आणि तिच्यावर वर्तमानपत्राची पानं एकमेकांना चिकटवून टांगली. मी सवयीनं खिशातून टेप काढली. एकशे वीस फूट मोजून उभा राहिलो आणि उजवी नळी उडवली. बाजेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भोकं पडली. मध्ये मध्ये एवढी जागा मोकळी की कोंबडा चालत निघून जावा.

नवे कागद लावले. डावी नळी उडवली.

मी बाजेपाशी गेलो आणि उभाच राहिलो. सगळा घोळका मधोमध, सुपाएवढ्या जागेत. तो आकार माझ्या ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी ऐनाच्या खोडावर मी त्याच्याभोवती खडूनं रेघ मारली होती.

“बघितलंसा?” बाबालाल खुशीत होते. “झकास चोक हाय. पर तुमच्या कामाचा न्हाई. झाडीत कोंबडा उठतोय वीस पावलांवर. तिथं ह्यो एवढा घोळका घेऊन काय करायचा? लागला तर चिंध्या, न्हाईतर चुकला. मी तासून काढतो. दोन्ही नळ्या सारख्या हुतील. चार नंबरच ठेवा, काडतूस चांगलं हाय.”

“मिस्त्री,” मी म्हणालो, “ठासणीच्या बंदुकीला असा चोक असतो?”

“छ्या. ती सरळ पाईप.”

“वीस पावलांवरून तिचा छर्रा ऐनाच्या खोडात लागला तर किती आत जाईल?”

“सालीच्या आत लाकडात. पटाशीनं कोरून काढाय लागंल.”

“आणि हिचा? चाळीसवरून?”

“सालीतच ऱ्हाईल. नखानं निघंल. का हो?”

मी नखानंच काढले होते. चार-पाच छर्रे खोडातून काढून खिशात टाकले होते, पुरावा म्हणून. अंतर मी मोजलं होतं, इंचासकट. छर्रा किती रुतलाय हे मोजायचं डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

“काही नाही,” मी म्हणालो. “चोक काढायला किती वेळ लागेल?”

“सांजंपत्तूर देतो. पर एकदा तासला की परत बसत न्हाई, सांगून ठेवतो.”

“काढा,” मी म्हणालो.

हे मी म्हणालो, यात बदल करून सांगण्यात अर्थ नाही. दुकानातून निघालो आणि समोरच्या हॉटेलात चहा मागवला. हिशेब सोपा होता. चोक गेला की माझ्या दोन्ही नळ्या सारख्या. मग उद्या कुणीही, कितीही टेपा लावून तपासलं, तरी माझी बंदूक चाळीस पावलांवर घोंगड्याएवढेच छर्रे टाकणार. दोन वर्षांपूर्वी मी जे सांगितलं ते खरं होऊन जाणार होतं. शिवाय कुणी विचारणारही नव्हतं. आंबेखोलात सगळं मिटलं होतं. माझं रस्त्याचं काम वर्षभरात संपणार होतं. परवाना, नोकरी, गावातला मान, सगळं जिथल्या तिथं राहणार होतं.

चहा आला. वर साय धरली. मला एकसारखा दौलू दिसत होता, डबा वाजवत खालून वर येणारा. त्याची मला कीव आली होती, ते आठवून इतकी लाज वाटली की कान गरम झाले. देवळात तो तीनदा म्हणाला होता. तिसऱ्यांदा हळू म्हणाला होता.

चहा तसाच टाकून मी परत आलो. दुकान उघडंच होतं, बाबालाल दुपारच्या नमाजाला गेले होते. माझी डावी नळी शिकंज्यात आवळून ठेवलेली होती. बाजूला अवजार तेल लावून मांडलेलं होतं. मी नळीच्या तोंडात बोट घालून बघितलं. काम सुरू झालेलं नव्हतं. मी स्वतःच शिकंजा सैल केला.

बाबालाल आले तेव्हा मी बंदूक जोडून गवसणीत घालत होतो.

“का हो?”

“राहू दे मिस्त्री. चोक राहू दे.”

“कोंबडं चुकतील.”

“चुकू देत.”

त्यांनी कोपऱ्यातून तो भोकं पडलेला कागद उचलला, नीट गुंडाळला आणि दोऱ्यानं बांधून माझ्या हातात दिला. “ह्यो पण न्या,” म्हणाले.

आता असं वाटेल की मी तडक आंबेखोलला गेलो आणि दौलूचे पाय धरले. तसं झालं नाही. गावात पोचलो आणि खडी आली का बघू लागलो. दुसऱ्या दिवशी रस्त्याखालच्या मोरीचं काम निघालं. बंदूक कोपऱ्यात, कागदाची गुंडाळी तिच्याशेजारी. आठ दिवस मी दोघींकडं पाठ करून जेवलो. नवव्या दिवशी सकाळी, शिमगा पाच-सहा दिवसांवर आलेला असताना, बंदूक आणि गुंडाळी घेऊन दौलूच्या रानात गेलो.

तो भाताच्या रोपांसाठी तरवा भाजायच्या तयारीत होता. वाफ्यावर शेण आणि वाळका पाला पसरत होता. मला बघून कमरेतून सरळ झाला.

“या साहेब. आज हिकडं कसं?”

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गुंडा, चोक, बाज, खोडात रुतलेले छर्रे. तो कागद उलगडून दाखवला. “दौलूबा, बार माझा होता,” म्हणालो. “तुमचा वरच गेला होता. माझं चुकलं, आणि मी टेपेवर तुम्हाला गुन्हेगार ठरवलं.”

दौलू कागदाकडं बघत राहिला. मग खांद्यावरचं घोंगडं काढून त्यानं बांधावरच्या निवडुंगावर पसरलं.

“मला कागुद कळत न्हाई,” तो म्हणाला. “दावा.”

मी टेप सोडली. एकशे वीस फूट. आधी उजवी नळी उडवली, मग डावी. आम्ही दोघं घोंगड्यापाशी गेलो. सगळीकडं इथं एक, तिथं एक भोक, आणि मधोमध तो दाट घोळका. दौलूनं त्या घोळक्याभोवती बोट फिरवलं, मी खडू फिरवला होता तसंच.

“तिसऱ्या म्हैन्यापासनं मलाच वाटाय लागलं हुतं,” तो म्हणाला. आवाज अगदी साधा. “रोज आठवायचा. कोंबडा शेंड्याला हुता का? का मीच खाली मारला? मग कोंबडा दिसायचाच बंद झाला. नुसता किस्ना दिसायचा.”

बारांचा आवाज ऐकून कृष्णात शेजारच्या वाफ्यातून धावत आला होता. दोन वर्षं दोघं भाऊ एकाच रानात, बांधाच्या अल्याड-पल्याड, न बोलता राबत होते. तो बांधावर थांबला. त्याला आमच्याकडं बघायला पूर्ण मान वळवावी लागायची.

“काय चाललंय?”

मी परत पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जात नाही. कृष्णात जवळ आला, घोंगड्यावर पंजा ठेवला. मग तोच पंजा नकळत स्वतःच्या गालावर, जिथं छर्र्यांचे काळे ठिपके राहिले होते, तिथं नेला.

“मी सांगटलं न्हवतं?” दौलू त्याला म्हणाला.

“सांगटलंस.”

“तीनदा सांगटलं.”

“व्हय. मी ऐकलं न्हाई.” कृष्णातचा आवाज फाटला. “रगात तुझं माझं एक, आनि मी टेपंवर इस्वास ठेवला.”

दौलू निवडुंगावरून घोंगडं काढून झटकू लागला. झटकतच राहिला, त्यात धूळ राहिली नव्हती तरी. कृष्णातनं ते त्याच्या हातातून घेतलं, घडी घातली आणि भावाच्या खांद्यावर ठेवलं. हात तिथंच ठेवला.

मग त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“कवा कळलं तुमास्नी?”

“आठ दिवस झाले.”

“आठ दिस,” तो म्हणाला. “हितनं तुमचा मुक्काम अर्ध्या कोसावर.”

चुकीच्या बाराची त्यानं मला पुढं माफी दिली. आठ दिवसांचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही आणि मीही नाही.

संध्याकाळी देवळात गाव जमलं. मी तेच तिसऱ्यांदा सांगितलं, आनंदरावांच्या पुढ्यात, कागद जमिनीवर पसरून. माणसं वाकून वाकून बघत होती. आनंदरावांनी घसा खाकरला.

“झालं ते झालं. साहेब, तुम्ही सरकारी माणूस. परमुलखाचं. गावाचा रिवाज काय तुमास्नी लागू न्हाई. तुम्ही सांगटलं, हेच लई झालं.”

“माझी टेप दौलूबांना लागू झाली होती, पाटील. मग गावाचा रिवाजही मला लागू,” मी म्हणालो आणि दुनळी पुढं केली.

कुणी हात लावीना. शेवटी दौलू उठला. खुंटीवरून त्यानं आपली म्हातारी उतरवली, पदरासारखा धोतराचा सोगा धरून नळीवरची धूळ पुसली, आणि रिकाम्या खुंटीकडं बोट दाखवून मला म्हणाला, “उंच टांगा. पोरं हात लावत्यात.”

मी बंदूक टांगली. ती अजून तिथंच असेल. त्यानंतर काही वर्षांनी कायदा आला आणि हाके बंद झाले. परवाना मी त्याच महिन्यात परत केला होता. वरच्या साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा तेही लिहून दिलं. माझी बढती तीन वर्षं अडली. ती अडायलाच हवी होती.

पण त्या वर्षी शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी हाका झाला. मला रॉकेलचा रिकामा डबा आणि एक काठी मिळाली. जागा डाव्या टोकाला, कृष्णातची. तिथून वर बघितलं की बंदुका कशा दिसतात हे मला पहिल्यांदाच कळलं. दरडीखाली दौलू बसला होता, दोन वर्षांनी आपल्या जागी.

आम्ही निम्मं रान चढलो असू. माझ्या पुढ्यातून एक कोंबडा फडफडत उठला आणि आडवा निघाला, कमरेइतक्या उंचीवरून, तसाच. दौलूची नळी त्याच्या मागं फिरली. मला ती फिरताना दिसली. माझ्या छातीशी येईपर्यंत फिरली, आणि मग थांबून वर गेली. कोंबडा माझ्या अंगावरून पलीकडच्या ओढ्यात उतरला. बार झाला नाही.

मी होतो तिथंच खाली बसलो. डबा हातातून सुटून गडगडत गेला. मागून कुणीतरी तो उचलून आणला. कृष्णात होता. त्यानं हाक्यात यायची गरज नव्हती, त्याच्या जागी मी होतो. त्यानं डबा माझ्या हातात दिला.

“उठा साहेब. रांग मोडत्या.”

मी उठलो. तो माझ्या उजव्या हाताला येऊन चालू लागला, म्हणजे त्याची डावी बाजू माझ्याकडं आली. त्या बाजूचं त्याला काही दिसत नव्हतं. दहा पावलांवर एक खड्डा होता.

“डावीकडं खड्डा आहे,” मी म्हणालो.

“व्हय,” म्हणून तो जरा सरकला. पुढं एक मुळी होती, मग दगड होता. वर दौलूपाशी पोचेपर्यंत मी त्याला एकेक सांगत गेलो आणि तो व्हय म्हणत राहिला.